ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावली म्हणजे सँडर झाला?

"सँडरवर पैसे घालवू नका. चार इंची ग्राइंडर घरात असतोच, त्याला फ्लॅप डिस्क लावा. ताकद तिप्पट, काम झटपट, धूळ काय दोन्हीकडे सारखीच. आपले मिस्त्री तरी दुसरं काय वापरतात?" हौशी सुतारकाम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कुठून ना कुठून मिळतोच, बहुतेक वेळा एखाद्या झकास व्हिडिओसकट. त्यातल्या एकदोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणून तो खपतो. सँडर म्हणजे पॉलिश पेपर लावून लाकूड गुळगुळीत करणारं यंत्र, आणि फ्लॅप डिस्क म्हणजे पॉलिश पेपरची पाती एकावर एक चिकटवलेली चकती. एकेक मुद्दा घेऊ.

"ताकद तिप्पट"

आकडा साधारण बरोबर आहे. चार इंची ग्राइंडर साधारण ६५० ते ८५० वॉटचा असतो, आणि १२५ मिमी पॅडचा रँडम ऑर्बिटल सँडर (ज्याचा पेपर लावलेला गोल पॅड थरथरतो आणि फिरतोही) २५० ते ३०० वॉटचा. पण ती ताकद लोखंड कापायला आणि वेल्डिंगच्या गाठी उतरवायला दिलेली आहे. सँडरला लाकूड फारसं काढायचंच नसतं. करवतीने, रंध्याने किंवा आधीच्या जाड पेपरने पाडलेले ओरखडे घालवून त्यांच्या जागी आणखी बारीक ओरखडे पाडायचे, एवढंच त्याचं काम. ८० नंबरच्या पेपरवरचा कण सरासरी २०० मायक्रॉनचा असतो, १२० नंबरचा १२५, १८० चा ८२ आणि २२० चा ६८. सगळा खेळ मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यापासून खाली चालतो. तिथे जादा वॉट फक्त चूक मोठी करतात.

"काम झटपट"

हा मुद्दा नीट पाहायला हवा, कारण फसगत इथेच होते.

१०० मिमीची डिस्क मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला ५७-५८ मीटर होतो. म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर. याउलट रँडम ऑर्बिटलचा पॅड अडीच मिलिमीटरच्या वर्तुळात मिनिटाला १२,००० वेळा थरथरतो. हिशेब केला तर सेकंदाला जेमतेम दीड मीटर. पॅडची स्वतःची गिरकी वेगळी, पण दाबून धरल्यावर ती संथच असते. तेव्हा ग्राइंडर लाकूड भराभरा उडवतो हे खरंच. कुठलं उडवतो, हा प्रश्न आहे.

फ्लॅप डिस्क लाकडावर सपाट बसत नाही. ती तिरकी धरावी लागते आणि टेकतो तो कडेचा दोन बोटांएवढा भाग. तेवढ्या जागेत सगळी ताकद. हात क्षणभर रेंगाळला की खळगा पडतो. तो बोटाला लागत नाही, कोऱ्या लाकडावर दिसतही नाही. पॉलिशचा दुसरा हात मारून फळी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली की लाटा दिसायला लागतात. आता तो खळगा घालवायचा तर भोवतालचं सगळं लाकूड त्याच्या पातळीला उतरवावं लागतं. वीस मिनिटांत टेबल 'गुळगुळीत' झालेलं दाखवणारे व्हिडिओ तिथेच संपतात, पॉलिशपर्यंत जातच नाहीत.

व्हिनियरच्या प्लायवर तर प्रश्नच मिटतो. वरचा सागवानी पापुद्रा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो. ग्राइंडरखाली तो कधी गेला ते कळायच्या आत खालचा थर डोकावतो, आणि त्यावर इलाज नाही. पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी चौकटीच्या) पाइनवर वेगळी गंमत होते: एवढ्या वेगाच्या घर्षणाने लाकूड तापतं, राळ वितळून पात्यांवर बसते, पाती बोथट होतात आणि मग ती घासायच्या ऐवजी लाकूड जाळतात. ते तपकिरी डाग खोल असतात.

याउलट सँडरचा १२५ मिमीचा पॅड सव्वाशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास जागा एकदम झाकतो. उंचवटे आधी घासले जातात, खळगे आपसूक वाचतात. सपाटी राखण्याचं निम्मं काम पॅडच करतो, हाताचं कसब कमी लागतं. हौशी माणसाला यापेक्षा काय हवं?

यातली यांत्रिक युक्ती साधी आहे. पॅड मोटरच्या आसावर थेट बसवलेला नसतो. तो किंचित बाजूला सरकवलेल्या बेअरिंगवर मोकळा असतो. त्यामुळे तो थरथरतो आणि सोबत स्वतःभोवतीही फिरतो, पण दोन्हींचा ताल जमत नाही. एकच कण त्याच वाटेवरून पुन्हा जात नाही, म्हणून ओरखड्यांची ठरावीक नक्षी उमटत नाही आणि लाकडाच्या रेषेच्या उभ्या-आडव्या दिशेची फार चिंता करावी लागत नाही. ग्राइंडरचा कण मात्र प्रत्येक फेऱ्यात त्याच कमानीवरून जातो. रेषेला आडव्या गेलेल्या त्या कमानी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावला की रंग पिऊन काळ्या होतात.

आता 'ताकद' डोक्यात बसलेली माणसं सँडरवरही जोर देतात. पॅडच्या कडेला मार्करने एक खूण करा आणि यंत्र चालवा. खूण हळूहळू फिरताना दिसली तर दाब योग्य. ती जागच्या जागी थरथरायला लागली तर तुम्ही गिरकी बंद पाडली आहे, आणि आता लाकडावर बारीक वेलांट्या उमटत आहेत. यंत्राचं वजन आणि त्यावर ठेवलेला हात, एवढा भार पुरतो. सेकंदाला इंचभर सरकवायचं. वेलांट्या राहण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे ८० वरून एकदम २२० वर उडी मारणं. ८०, १२०, १८० असं चढा. प्रत्येक नंबरआधी फळीवर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा ओढा. त्या सगळ्या पुसल्या गेल्या की तो नंबर झाला. मध्ये ब्रशने धूळ झटका, नाहीतर ८० चा सुटलेला एक कण १८० च्या कामात ओरखडा पाडून जातो.

"मिस्त्री तरी दुसरं काय वापरतात"

साइटवर मिस्त्रींच्या हातात ग्राइंडर दिसतो, खरं आहे. पण तो कशावर चालतो ते बघा. चौकटीची फुगलेली कड, दाराचा अडणारा कोपरा, प्लायची पुढे आलेली धार. पुढे पॉलिशवाला येतो तेव्हा लांबी (पुट्टी) भरून झाल्यावर तो ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हाताने घासतो, किंवा चौकोनी ऑर्बिटल (चौकोनी पॅडचा, नुसता थरथरणारा सँडर) फिरवतो. शेवटच्या हाताला ग्राइंडर कुणी आणत नाही. शिवाय वर्षानुवर्षं रोज ग्राइंडर धरणाऱ्याचा हात आणि रविवारी दोन तास धरणाऱ्याचा हात एक नव्हे.

"धूळ दोन्हीकडे सारखीच"

सारखी अजिबात नाही, आणि या सल्ल्यातला सगळ्यात बेजबाबदार भाग हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका. तो निष्कर्ष वर्षानुवर्षं धुळीत राबणाऱ्या कामगारांच्या अभ्यासांतून आला, रविवारच्या छंदावरून घाबरून जायचं कारण नाही. पण शिसवी आणि सागवान यांच्या भुशाने कातडीवर पुरळ आणि नाकाला त्रास होणारी माणसं बरीच असतात, आणि आपल्याकडे छंद बहुधा बाल्कनीत चालतो, जिथून दार थेट हॉलमध्ये उघडतं.

सँडरच्या पॅडला भोकं असतात, पेपरलाही तशीच. दोन्ही जुळवून लावली तर आतला पंखा धूळ जागेवरच ओढतो. सोबत येणारी पिशवी जाड भुसा धरते, बारीक कण निसटतात; म्हणून शक्यतो व्हॅक्यूमची नळी जोडा. एन९५ मास्क तरीही हवाच. फ्लॅप डिस्कला यातलं काहीच नसतं. ती धूळ फेकते, तीही ताशी २०० किलोमीटरने.

सुरक्षेचं थोडक्यात: लाकडावर काम करताना बरेच जण ग्राइंडरचं गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण) काढतात, कारण ते मध्ये येतं. काढू नका. पॅलेटमध्ये एखादा खिळा राहिला असेल तर ग्राइंडर उसळतो. सँडरचा फार तर पेपर फाटतो.

"पैसे वाचतात"

नावाजलेल्या कंपनीचा १२५ मिमी सँडर ग्राइंडरपेक्षा महाग पडतो, पॅडला चिकटणारे वेल्क्रोचे गोल पेपरही साध्या पॉलिश पेपरपेक्षा महाग. हे मान्य. बजेट खरंच कमी असेल तर चौकोनी ऑर्बिटल घ्या: त्याला दुकानातला साधा पेपर कापून लावता येतो आणि तो कोपऱ्यातही शिरतो. संथ आहे, पण काम बिघडवत नाही. पट्ट्याचा बेल्ट सँडर मात्र पहिलं यंत्र म्हणून नको. सपाटीच्या बाबतीत तो ग्राइंडरचा धाकटा भाऊ आहे.

रँडम ऑर्बिटल घेताना वॉट पाहू नका. वेग कमी-जास्त करायची चकती आहे का, नळी जोडता येते का, पॅड सुटा विकत मिळतो का, हे विचारा. पॅडवरचं वेल्क्रो सगळ्यात आधी झिजतं आणि पॅड मिळाला नाही तर यंत्र अडगळीत जातं.

ग्राइंडर टाकून द्या असं मी म्हणत नाही. खुर्चीची खोलगट बैठक, लाकडी परातीची आतली गोलाई, ओंडक्याची वेडीवाकडी कड, अशा ठिकाणी जाड फ्लॅप डिस्क पटाशीचे तासन् तास वाचवते. तिथे आकार द्यायचा असतो. नंतर मग सँडर.

या सल्ल्याखाली एक उपप्रश्न नेहमी येतो: मग ड्रिलला वेल्क्रोचा पॅड लावला तर? मिनिटाला तीनेक हजार फेरे, म्हणजे जाळपोळ कमी. पण गोल कमानी त्याच, धूळ ओढायची सोय शून्य, आणि ड्रिलचं बेअरिंग मुख्यतः सरळ दाबासाठी असतं, तासभर आडवा भार घ्यायला नव्हे. गंजलेली बिजागरी घासायला लावा.