पन्नाशीची रेषा आणि कोलॅजनची पावडर

सध्या फिरणारा दावा साधारण असा: साखळीत पन्नासपेक्षा कमी अमिनो आम्लं (प्रथिनांचे मूळ घटक) असली की पेप्टाइड, जास्त असली की प्रथिन. पेप्टाइड लहान, म्हणून न पचता थेट रक्तात उतरतं. सबब कोलॅजन या त्वचेतल्या प्रथिनाच्या पेप्टाइडची पावडर अंडी-डाळीपेक्षा सरस, शिवाय निर्धोक.

आधी पन्नासचा आकडा. परीक्षेपुरता तो ठीक आहे, निसर्गात अशी रेषा नाही. दोन्हींतली अमिनो आम्लं एकाच प्रकारच्या बंधाने जोडलेली असतात. इन्सुलिनमध्ये २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या आहेत, म्हणजे एकूण ५१. त्याला सर्रास पेप्टाइड संप्रेरक म्हणतात. पण फ्रेडरिक सँगर यांना १९५८चं नोबेल मिळालं ते प्रथिनांच्या, विशेषतः इन्सुलिनच्या, रचनेवरच्या कामासाठी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर ही रेषा ४०वर ओढली आहे. खरा फरक बघायचा तर घडीचा बघावा. प्रथिनाची साखळी ठरावीक घड्या घालून आकार घेते आणि तिचं काम त्या आकारावर चालतं. अंडं उकडताना ही घडी मोडते, बंध शाबूत राहतात. आखूड पेप्टाइडं बहुधा अशी पक्की घडी घेत नाहीत. बहुधा म्हणायचं, कारण प्रयोगशाळेत घडवलेली ‘ट्रिप-केज’ नावाची जेमतेम २० अमिनो आम्लांची साखळी ती घेते.

‘थेट रक्तात’ हे खरं असतं, तर मधुमेहींनी सुया कशाला टोचून घेतल्या असत्या? सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाची साखळी ३१ अमिनो आम्लांची. त्याची गोळी निघाली खरी, पण तिच्यात शोषणाला मदत करणारं वेगळं रसायन घालावं लागतं, ती उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी लागते, आणि एवढं करून शोषलं जातं जेमतेम एक टक्का.

दाव्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारू नये. दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे आतड्याच्या पेशी अखंड उचलतात आणि कोलॅजन खाल्ल्यावर त्याचे असे काही तुकडे रक्तात सापडतात. पण असे तुकडे डाळ पचतानाही तयार होतात. त्यासाठी डबा विकत घ्यावा लागत नाही. आणि रक्तात सापडलं म्हणजे चेहऱ्याच्या त्वचेत जाऊन बसलं, असं नव्हे. त्वचेच्या पेशी सुमारे हजार अमिनो आम्लांची कोलॅजनची साखळी स्वतः विणतात आणि त्यासाठी त्यांना क जीवनसत्त्व लागतं. त्वचेला फायदा दाखवणारे काही अभ्यास आहेत, पण त्यांतले बरेच उत्पादकांच्या पैशावरचे. अन्न म्हणून तर कोलॅजन अंड्यापुढे उणंच, कारण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं.

राहिला निर्धोकपणा. ‘डेथ कॅप’ या विषारी अळंबीतलं अल्फा-अमानिटिन हे विष अवघ्या आठ अमिनो आम्लांचं कडं आहे. ते शिजवून नष्ट होत नाही, आतड्यातून व्यवस्थित शोषलं जातं आणि यकृत निकामी करतं.