मोटर गेली म्हणे

ज्यूसर बंद पडला की घरात पहिलं निदान ठरलेलं असतं: "मोटर गेली." त्यासाठी ज्यूसरजवळ जावं लागत नाही. हॉलमधून, पेपरातून डोकं वर न काढतासुद्धा ते करता येतं. इंदुरात रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत कुठल्याही मराठी घरात जा, बंद ज्यूसरची मोटर गेलेलीच असते. माझं मत उलटं आहे. मोटर ही ज्यूसरमधली सगळ्यात शेवटी जाणारी वस्तू. तिच्या आधी लॉक, वायर, कपलर, कार्बन आणि घरच्यांचा धीर अशी बरीच मंडळी जायला तयार बसलेली असतात.

तेव्हा सुरुवात लॉकपासून. भांडं खाचेत पुरतं बसलं नाही किंवा झाकणाच्या दोन्ही क्लिपा टक्कन लागल्या नाहीत, तर आतला छोटा खटका दाबला जात नाही आणि यंत्र मौनव्रत धरतं. त्यात मोसंबीचा ओघळलेला रस खटक्यापाशी वाळला, की खटका अर्ध्यावर चिकटतो. प्लग काढायचा, कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं आणि जुना टूथब्रश घ्यायचा, खाच साफ करायची. एवढ्यावर कित्येक "गेलेल्या" मोटरी परत येतात. काही कलावंत मात्र खटक्यात आगकाडी खोचून लॉकलाच फसवतात. ज्यूसर-मिक्सरची मोटर रिकामी असताना मिनिटाला १८-२० हजार फेरे मारते. झाकण उघडं ठेवून त्या वेगाने फिरणाऱ्या जाळीसमोर उभं राहण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

लॉक ठीक असेल तर यंत्र उलटं करा. तळाशी लाल बटण दिसेल, ते ओव्हरलोडचं. मोटरवर ताण आला की ते उडतं. पंधरा-वीस मिनिटं मोटर गार होऊ द्यायची, मग दाबायचं. गार होण्याआधी ते चार वेळा दाबून "हेही खराब आहे" असा शेरा मारणारं कोणीतरी घरात असतंच. बटण उडतं ते बहुधा गाजरामुळे. अख्खं गाजर नळीत घालून वरून दट्ट्यावर दोन्ही हातांनी जोर दिला, तर मोटरने करावं काय? आधी पूर्ण वेग येऊ द्यावा, गाजराच्या लांब फोडी एकेक करून सोडाव्यात, दट्ट्या नुसता टेकवावा. बऱ्याच यंत्रांच्या लेबलवर ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद असं छापलेलं असतं. पाहुणे आले की हे लेबल कोणाला दिसत नाही.

बटण दाबूनही हूं की चूं नसेल तर वायर. वायर मधे सहसा तुटत नाही. तुटते ती प्लगच्या गळ्यापाशी नाही तर बॉडीत शिरते तिथे, कारण आपण तिला यंत्राभोवती करकचून गुंडाळतो. मल्टिमीटर असेल तर प्लग बोर्डातून काढून, भांडं-झाकण लॉक करून, स्विच चालूवर ठेवून, प्लगच्या दोन बारक्या पिनांमध्ये मोजा. थोडे ओहम दाखवले तर रस्ता सलग आहे. काहीच दाखवलं नाही तर वायर हलवत पुन्हा बघा. जाड पिन अर्थची. तिच्यात आणि बारक्या पिनांत मात्र मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवलं, किंवा बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर तिथेच थांबा आणि मिस्त्री गाठा.

मोटर घोंघावते पण जाळी ढिम्म? मग कपलर, म्हणजे मोटरचं फिरणं वरच्या भांड्यापर्यंत पोचवणारी दातेरी चकती. त्याचे दाते झिजले की भांड्याखाली काळी रबरी भुकटी सांडलेली दिसते. अनेक जण ती जळलेल्या मोटरची राख समजून शोक करतात. कपलर काढणं सोपं, पण दिशेची मेख आहे. मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने कपलर फिरवला तर सुटतो, उलटा फिरवला तर आणखी आवळतो. नाही तर चालता चालता तो आपणहून उकलला नसता का? दिशा कळत नसेल तर त्याच मोटरवर बसणाऱ्या मिक्सरच्या भांड्यातल्या पात्याची धार बघा, धार जिकडे चाल करून जाते तीच मोटरची दिशा. खालचं कव्हर उघडायचे स्क्रू बऱ्याचदा रबरी पायांखाली लपलेले असतात. ते काढले की शाफ्टच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्याच्या, खालच्या टोकाला बहुधा खाच सापडते. तिथे पेचकस धरून ठेवायचा आणि वरून कपलर फिरवायचा. घरातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला या वेळी भाजी आणायला पाठवावं. तो हमखास उलट्या बाजूने पक्कड लावतो.

कव्हर उघडलंच आहे तर कार्बनही बघून घ्या. वेग मंदावला, मोटर मधूनच थांबून टपली मारल्यावर चालू लागली, तर संशय यांच्यावरच. कम्युटेटर म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, त्याच्या दोन बाजूंना स्प्रिंगने टेकलेले हे दोन काळे तुकडे. झिजून पाच-सहा मिलिमीटर उरले की बदलायचे, आणि बदलायचे ते जोडीने. जुना तुकडा खिशात टाकून महाराणी रोडला जा. तिथे कंपनी, मॉडेल, वॉरंटी यांत कोणाला रस नसतो, प्रश्न एकच: "सैंपल लाए हो भिया?" लांबी-रुंदी-जाडी जुळली की काम झालं, आणि खर्च पोहे-जिलबीच्या आसपास. कम्युटेटर काळवंडला असेल तर झिरो नंबरच्या काचकागदाने हलकेच पुसा. एमरी पेपर नको, तिची भुकटी वीज वाहते आणि तांब्याच्या पट्ट्यांमध्ये जाऊन बसते. नवे कार्बन घातल्यावर यंत्र थोडा वेळ रिकामं चालवावं, म्हणजे त्यांना कम्युटेटरची गोलाई येते. बॉडीच्या हवेच्या फटींतून निळसर बारीक ठिणग्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. कम्युटेटरभोवती आगीचं पूर्ण कडं दिसलं, तर मात्र पेपरामागचं निदान पहिल्यांदाच बरोबर निघालं म्हणायचं.

सगळं चालतंय पण चोथा ओलाच पडतोय, ही तक्रार वेगळी. जाळी खिडकीच्या उजेडासमोर धरा. जिथून उजेड येत नाही तिथून रसही येत नाही. चोथ्याने भोकं बुजली असतील तर लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचा खायचा सोडा घालून अर्धा तास भिजवा आणि बाहेरून आत ब्रश मारा. बोरिंगच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर सोड्याऐवजी लिंबूफूल, दोन छोटे चमचे. दोन्ही एकत्र घालू नका. फेस भरपूर येतो, बघणाऱ्याला समाधानही भरपूर मिळतं, पण सोडा आणि लिंबूफूल एकमेकांनाच संपवतात आणि जाळी होती तशीच राहते. प्लास्टिकवरचा गाजराचा भगवा डाग साबणाने घासत बसू नये. तो रंग तेलात विरघळतो. गोडंतेल चोळा, मग साबण. यंत्र थडथडत असेल तर चोथा एकीकडे साचलाय किंवा जाळी तिरकी बसली आहे. जाळीला तडा असेल तर एम-सीलच्या वाटेला न जाता नवी आणा.

आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, खरंच जळलं, वार्निशचा तो उग्र वास आला, तर वायंडिंगचा, म्हणजे तार नव्याने गुंडाळण्याचा, भाव आधी विचारावा. नव्याच्या निम्म्याहून जास्त सांगितला तर नमस्कार करून निघावं. इंदुरात कचरागाडीला ई-वेस्टचा वेगळा डबा असतो, मोटर त्यात जाते. भांडी, दट्ट्या आणि जाळी मात्र द्यायची नाही, असं घरात एकमताने ठरतं. ती माळ्यावर जातात, आधीच्या ज्यूसरच्या भांड्यांशेजारी. ती याला बसत नव्हती, ही पुढच्याला बसणार नाहीत.