‘रिकामा वेळ’ या दोन शब्दांबद्दल

‘एक जुना वाचक’ यांस,

फोनवरची पैशांची रमी, ऑनलाइन खरेदी आणि उदासपणा एकमेकांत कसे गुंततात, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रविवारी वाचली. उत्तर देणार नव्हते. पण एक वाक्य डोक्यातून जाईना: “रिकामा वेळ असलेल्या बायकांना असले आजार सुचतात, सरकारने ॲपं बंद केली, विषय संपला.”

आधी तुमचं बरोबर आहे ते. खरेदीच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे असं मी लिहिलं, ते चूक. २०२२ पासून लागू झालेल्या त्यांच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत व्यसनी वर्तन म्हणून जुगार आणि गेमिंग ही दोनच नावं आहेत. लेखात दुरुस्ती केली, आभार. मात्र त्याला “अभ्यास नसेल तर लेखणी उचलू नये” हे शेपूट जोडायची गरज नव्हती. मीही सदाशिव पेठेतच वाढलेय, टोमणा कळतो.

आता रिकामा वेळ. एकवीस वर्षं मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे. भोसरीहून कोथरूडला यायला संध्याकाळी दीड तास जातो. मग सासूबाईंचं पथ्य, मुलीची बारावी. मी रमी खेळायचे रात्री पावणेदोनला, बाथरूममध्ये, नळ सोडून. नळ कशासाठी, तर पत्ते वाटल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. फोन म्यूट करता येतो हेही तेव्हा सुचत नसे. याला तुम्ही रिकामा वेळ म्हणता?

आणि दर वेळी हरले असते तर आठवड्यात कंटाळले असते. मधूनच जिंकायचे, तिथेच गोची. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हेच दाखवलं: दाणा कधी पडेल याचा नेम नसला की कबूतर चोच मारायचं थांबत नाही.

“ॲपं बंद, विषय संपला.” ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि माझं ॲप बंद पडलं. नवरा पेढेच आणायचा बाकी होता. दिवाळीच्या साफसफाईत त्याला गव्हाच्या कोठीमागे अकरा पार्सलं सापडली. तीन खोक्यांत एकसारख्या चहाच्या गाळण्या. एकही खोकं फोडलेलं नव्हतं. मागवायचं आणि ‘तुमची वस्तू निघाली आहे’ हा मेसेज बघायचा, तेवढंच हवं असायचं. वेळही तीच, पावणेदोनची.

मानसोपचारतज्ज्ञांनी पहिला प्रश्न रमीचा विचारला नाही, झोपेचा विचारला. पहाटे चारला जाग येणं, जेवणाला चव नसणं, हे पहिल्या डावाच्याही दीड वर्ष आधीपासून होतं. नैराश्य. त्याची औषधं सुरू झाल्यावर पार्सलं कमी झाली. सुटली, असं मी आजही म्हणत नाही.

“मुक्तांगणमध्ये जाऊन खरं व्यसन बघा,” हा सल्लाही तुम्ही दिलात. गेले आहे हो त्या व्यसनमुक्ती केंद्रात. येरवड्याला, सख्ख्या काकांना घेऊन. ही संस्था १९८६ पासून आहे हे मला तुमच्याकडून कळायला नको. काकांची दारू सुटली ती सुटलीच. बारा वर्षांनी काकू गेल्या, त्यानंतर ते मटक्याचा आकडा लावायला लागले. ग्लासला शेवटपर्यंत हात लावला नाही. आता यातलं खरं व्यसन कुठलं आणि खोटं कुठलं, ते तुम्हीच सांगा.

बाकी मुद्दे, म्हणजे लेखाची लांबी, इंग्रजी शब्द, ‘आमच्या वेळी’ वगैरे, त्यांवर काही बोलत नाही. इच्छाशक्तीवरही नाही, ती शिकवण मला रोज घरी मिळते.

गाळण्यांचं म्हणाल तर एक वापरते, एक शेजारी दिली. तिसरी अजून खोक्यातच आहे. हवी असल्यास कळवा, पाठवून देते.