कौन्सिल निर्वासितांना घरे वाटते का? एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एका आशयाचा मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येत असतो. होडीतून आलेल्यांना कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, फुकट घरे देते आणि इथल्या माणसांना वर्षानुवर्षे रांगेत ठेवते; हा खर्च आपल्या कौन्सिल टॅक्समधून होतो; स्थलांतर हा देशाच्या सरकारचा विषय असताना कौन्सिल त्यात उगाच पडते; असे स्वागत होते म्हणूनच माणसे येत राहतात; आणि आपण व्हिसाचे पैसे मोजून रीतसर आलो तेव्हा आपल्यासाठी कोणी काय केले, असा त्याचा एकंदर सूर असतो. या मजकुरात खरी अस्वस्थता आहे आणि काही अर्धसत्येही आहेत, म्हणून तो हसण्यावारी नेण्यापेक्षा एकेक मुद्दा तपासणे बरे.

आधी घरांचे पाहू. आश्रयासाठी अर्ज केलेला, पण अद्याप निर्णय न मिळालेला माणूस कौन्सिलच्या घरासाठी पात्रच नसतो. तो निराधार असेल तर त्याच्या निवाऱ्याची सोय १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम ॲक्टनुसार होम ऑफिस, म्हणजे ब्रिटनचे गृहखाते, करते, आणि तीही सर्को, मिअर्स व क्लिअरस्प्रिंग्ज या कंत्राटदार कंपन्यांमार्फत. आश्रयार्थींना ठेवलेल्या ज्या हॉटेलांवरून एवढे रान उठते ती याच व्यवस्थेतली आहेत. ती कौन्सिलने निवडलेली नसतात आणि पुष्कळदा कौन्सिलला ती नकोच असतात. २०२५ मध्ये एपिंग फॉरेस्ट कौन्सिलने अशाच एका हॉटेलाविरुद्ध हायकोर्टातून मनाई हुकूम मिळवला होता, जो काही दिवसांतच अपील कोर्टाने उठवला. जी संस्था हॉटेल बंद करण्यासाठी कोर्टाची पायरी चढते, तीच हॉटेले वाटत सुटली आहे असे म्हणणे जरा अवघडच आहे.

निर्णय बाजूने लागून निर्वासिताचा दर्जा मिळाला की माणूस कौन्सिलच्या घरासाठी पात्र ठरतो, हे खरे. पण तेव्हाही त्याला इतरांच्याच नियमांनी अर्ज करावा लागतो, आणि तो एकटा, धडधाकट प्रौढ असेल तर बेघर होऊनही कायद्याने ठरवलेल्या प्राधान्याच्या गटात सहसा बसत नाही. इंग्लंडमध्ये सामाजिक भाड्याची, म्हणजे कौन्सिल व गृहसंस्थांची कमी भाड्याची, जी घरे दरवर्षी नव्याने दिली जातात, त्यांतल्या दहापैकी सुमारे नऊ घरांचे मुख्य भाडेकरू ब्रिटिश नागरिक असतात. रांग लांब आहे यात शंका नाही, तेरा लाखांच्या आसपास कुटुंबे तीत आहेत. पण ती कशाने लांबली हे पाहायचे तर १९८० पासून ‘राइट टू बाय’ (कौन्सिलचे राहते घर भाडेकरूला सवलतीत विकत घेऊ देणाऱ्या) योजनेखाली विकली गेलेली आणि त्या प्रमाणात पुन्हा कधीच न बांधली गेलेली घरे मोजावी लागतील.

पैशाच्या मुद्द्यात मात्र तथ्याचा अंश आहे. सरकारने स्वतः आणलेल्या किंवा योजनेखाली बोलावलेल्या लोकांसाठी कौन्सिलला वेगळे अनुदान मिळते: अफगाण पुनर्वसनात दर माणशी तीन वर्षांत २०,५२० पौंड, तर युक्रेनमधून आलेल्यांसाठी सुरुवातीला दर माणशी १०,५०० पौंड, जे जानेवारी २०२३ पासून नव्याने येणाऱ्यांसाठी ५,९०० वर आणले गेले. तिथे आपल्या कौन्सिल टॅक्सवर सगळा भार पडतो असे म्हणता येत नाही. आश्रयाच्या मार्गाने आलेल्यांच्या बाबतीत तेवढी भरपाई नसते आणि खर्चाचा काही वाटा स्थानिक तिजोरीवर येतो, हे मान्य केलेच पाहिजे. प्रश्न एवढाच उरतो की कौन्सिलने हात आखडता घेतल्याने तो वाटा कमी होतो की वाढतो, आणि इथेच या मजकुरातला तिसरा मुद्दा सर्वांत जास्त फसतो.

‘हे कौन्सिलचे काम नाही’ असे म्हणणाऱ्यांनी दर्जा मिळाल्यानंतरच्या चार आठवड्यांत काय घडते ते बारकाईने पाहावे. आश्रयाचा अर्ज मंजूर होतो तो आनंदाचा दिवस, आणि त्याच निर्णयातून होम ऑफिसचा निवारा संपण्याची उलटी गणतीही सुरू होते. नियमातली मुदत २८ दिवसांची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ती ५६ दिवसांवर नेऊन पाहण्याचा प्रयोगही झाला. युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्याचा पहिला हप्ता अर्ज केल्यापासून हाती पडायला साधारण पाच आठवडे लागतात, म्हणजे ३५ दिवस. या माणसाला निर्णय होईपर्यंत आठवड्याला ४९.१८ पौंड भत्ता मिळत होता (हा २०२४ चा दर; जेवण देणाऱ्या हॉटेलात राहणाऱ्यांना ८.८६ पौंड), आणि नोकरी करण्याची परवानगी बहुतेकांना नव्हती, कारण तसा अर्ज करायलाच बारा महिने थांबावे लागते आणि परवानगी मिळाली तरी ती ठरावीक कामांपुरतीच असते. अशा माणसाने चार आठवड्यांत बँकेत खाते उघडायचे, ई-व्हिसाच्या खात्यात शिरून राहण्याचा हक्क सिद्ध करायचा, अनामत रक्कम उभी करायची आणि जामीनदार मागणारा घरमालक राजी करायचा. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या माणसालाही हे वेळेत जमेल की नाही याची मला शंका आहे.

मुदत संपली की तो कौन्सिलच्या दारात उभा राहतो. तो तिथे येणार हे ठरलेलेच असते, कारण २०१७ च्या होमलेसनेस रिडक्शन ॲक्टनुसार पुढच्या ५६ दिवसांत बेघर होण्याची शक्यता असलेल्या पात्र माणसासाठी आधीपासून प्रयत्न करणे हे कौन्सिलचे कायदेशीर कर्तव्य आहे. ज्याच्या हाती मुळात २८ दिवस आहेत त्याच्या बाबतीत हे कर्तव्य पहिल्याच दिवशी लागू होते. कुटुंबात मुले असतील तर १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टखालची जबाबदारी वेगळी. आईवडिलांविना आलेल्या मुलांचे तर पालकत्वच व्यवहारात कौन्सिलकडे येते. तेव्हा कौन्सिलने यात पडावे की नाही, हा पर्याय कायद्याने शिल्लकच ठेवलेला नाही. पहिल्या दिवशी पडायचे की एकोणतिसाव्या, एवढीच निवड तिच्या हाती आहे.

एकोणतिसाव्या दिवशी जागी होणारी कौन्सिल बी-अँड-बीतली (छोट्या अतिथीगृहातली) खोली रात्रीच्या दराने घेते. बेघरांच्या, म्हणजे अर्थातच केवळ निर्वासितांच्या नव्हे, तात्पुरत्या निवाऱ्यावर इंग्लंडमधल्या कौन्सिलांनी २०२३-२४ मध्ये दोन अब्ज पौंडांहून अधिक खर्च केला, आणि तरीही त्यातून एकही घर उभे राहिले नाही. पहिल्या दिवशी जागी असणारी कौन्सिल कोणाचे निर्णय लागले आहेत याची माहिती होम ऑफिसच्या कंत्राटदाराकडून मागवून ठेवते, बेघरपणा टाळण्याचे काम पाहणारा आपला अधिकारी थेट त्या हॉटेलात नेऊन बसवते, युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज आणि आगाऊ रकमेची मागणी त्याच आठवड्यात करून घेते आणि घरमालकाला रोख अनामतीऐवजी स्वतःचे हमीपत्र देते. यात कुठेही फुकट घर नाही. माणूस खासगी भाड्याच्या खोलीत जातो आणि रात्रीच्या दराचा खर्च टळतो. कागदोपत्री याला ‘स्वागत’ म्हणतात म्हणून अनेकांचे माथे भडकते. ‘खर्च नियंत्रण’ असे नाव दिले असते तर हाच ठराव बहुधा बिनविरोध मंजूर झाला असता.

स्कॉटलंडमधल्या ब्यूट बेटाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. लोकसंख्या घटत असलेल्या आर्गाइल अँड ब्यूट कौन्सिलने २०१५ च्या अखेरीस सिरियन कुटुंबांना तिथे आणले आणि पुढे त्यातल्या एका कुटुंबाने बेटावर बेकरीही सुरू केली. सगळे गोडच झाले असे नाही: लहान बेटावरचा एकटेपणा काहींना सोसवला नाही. पण आधी घरे हेरून, शाळा आणि दुभाषे ठरवून मग माणसे आणली, तर त्या कामाला संकटाचे रूप येत नाही, एवढे त्यातून दिसते.

स्वागतामुळे लोंढे येतात या चौथ्या मुद्द्याला फार वेळ देण्याची गरज नाही. होम ऑफिसनेच २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आश्रयार्थींना ब्रिटनमधल्या सवलतींची फारशी माहिती नसल्याचे, आणि इथे असलेले नातेवाईक, इंग्रजी भाषा, जुने वसाहतीचे संबंध व प्रवास घडवून आणणारे दलाल यांचा प्रभाव मोठा असल्याचे आढळले होते. शिवाय आश्रयार्थीला कोणत्या गावी पाठवायचे हे होम ऑफिस ठरवते. एखाद्या कौन्सिलच्या ग्रंथालयात संभाषणाचा वर्ग भरतो हे कळल्यामुळे कोणी इंग्लिश खाडी ओलांडायला निघत असेल, ही कल्पनाच विनोदी आहे.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तोच मला सर्वांत गंभीर वाटतो. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेले कुटुंब आरोग्य अधिभारापोटी दर प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरते, वर करही भरते, आणि तरीही त्याच्या व्हिसावर ‘सरकारी निधीचा लाभ नाही’ अशी अट असते. त्याची चीड येणे स्वाभाविक आहे. पण ती अट कौन्सिलने घातलेली नाही. ती होम ऑफिसची आहे, आणि निर्वासितांची मदत थांबवल्याने ती शिथिलही होणार नाही. उलट ज्या कौन्सिलने या कामासाठी माणसे नेमली आहेत, तिथेच व्हिसावरच्या कुटुंबालाही दाद मागायला जागा असते: नोकरी गेली आणि मुले उघड्यावर पडण्याची वेळ आली तर चिल्ड्रन ॲक्टच्या कलम १७ खालची मदत ही अट असूनही मागता येते, हे सांगणारा अधिकारी तिथे भेटतो. इंग्रजीच्या वर्गांचेही तसेच. सरकारी अनुदानाच्या प्रौढ शिक्षणासाठी कामाच्या व्हिसावरच्या माणसाला आणि त्याच्या जोडीदाराला साधारणपणे तीन वर्षांच्या वास्तव्याची अट लागते, आश्रयार्थीला निर्णयाची सहा महिने वाट पाहावी लागते. कौन्सिलने ग्रंथालयात चालवलेल्या संभाषणवर्गात मात्र सहसा दोघांनाही व्हिसा विचारला जात नाही. आपल्याला काय मिळाले हा प्रश्न विचारायचाच असेल, तर हा वर्ग आपल्या प्रभागात आठवड्यातून किती वेळा भरतो आणि नोकरी करणाऱ्यांना येता येईल अशा वेळी तो का नसतो, हे नगरसेवकाला विचारावे.