हिरवा पळतो, मी नाही

चव्वेचाळीस हे काही कुणी हाताला धरून रस्ता ओलांडून देण्याचं वय नव्हे. काल संध्याकाळपासून मी स्वतःला हे बजावतोय आणि डावा गुडघा सोडला तर बाकी सगळ्या अवयवांचं त्यावर एकमत आहे.

तैपेईतला सोंगशोऊ आणि शिफू रस्त्यांचा चौक. हातात तांदळाची पिशवी. तिचे बंद बोटांत रुतायला लागले म्हणून मी अर्ध्या रस्त्यात हात बदलला. झाला गुन्हा एवढाच. तेवढ्यात समोरचा हिरवा माणूस पळायला लागला.

इथला सिग्नल तुमच्या परिचयाचा नसेल तर सांगतो. वरच्या चौकटीत उरलेले सेकंद, खालच्या चौकटीत दिव्यांच्या ठिपक्यांचा एक छोटा हिरवा माणूस, शियाओ ल्यू रन. तो खरोखर चालतो. हात हलवतो, पाय उचलतो. सेकंद कमी होत आले की पावलं झपझप पडायला लागतात आणि शेवटी तो चक्क धूम ठोकतो. अवघी सात चित्रं एकामागून एक फिरतात, पण ऐट बघावी! पहिल्यांदा तो लागला १९९९ साली, आणि तोही ह्याच चौकात. म्हणजे माझी शोभा झाली ती जागासुद्धा ऐतिहासिक.

लोकांचा मात्र तो फार लाडका. दक्षिण तैवानातल्या पिंगतुंगमध्ये तर २०१८ साली व्हॅलेंटाइन डेच्या निमित्ताने सिग्नलवर त्याला जोडीदारीण मिळाली; हातात हात घालून फिरणं काय, गुडघ्यावर बसून मागणी घालणं काय! (गुडघ्यावर बसून परत उठतोही. असो.) बराच वेळ बघत राहिलं तर तो मधूनच ठेचकाळून पडतो, अशीही एक वदंता आहे. मी ह्या आशेवर बरेच सिग्नल सोडलेत. एकदा जरी पडला असता तरी मी त्याला सगळं माफ केलं असतं.

तर तो पळत होता, मी पिशवीशी झटत होतो, आणि बाजूने एक आजीबाई दोन चाकांची बाजाराची गाडी खडखडवत मला मागे टाकून गेल्या. इथे अशा आजींना 'आमा' म्हणतात. डोक्यावर उन्हाची टोपी, गाडीतून कांद्याची हिरवीगार पात बाहेर डोकावतेय. पलीकडे जवळजवळ पोचल्या, वळून माझ्याकडे पाहिलं, गाडी फुटपाथला टेकवली आणि परत आल्या. माझ्यासाठी! "क्वाय, क्वाय!" म्हणजे लवकर, लवकर. माझं कोपर धरलं. ती पकड मी आयुष्यभर विसरणार नाही, हायस्कूलच्या पीटीच्या सरांनंतर पहिलीच. दुसरा हात त्यांनी वळणाऱ्या एका स्कूटरसमोर आडवा धरला. स्कूटर थांबली. माझ्यासाठी ती कधीच थांबली नसती.

इथे मला खरंच चीड येते. पायी चालणाऱ्याला हिरवा असतो तेव्हाच वळणाऱ्या गाड्यांनाही हिरवा असतो, आणि मग दोघांनी आपापसात काय ते बघून घ्यायचं. तैवानला 'पादचाऱ्यांचा नरक' हे नाव उगीच पडलेलं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लोक ह्याच शहरात रस्त्यावर उतरले होते, रस्ते माणसांना परत द्या म्हणून. त्याआधी जूनअखेरीस पादचाऱ्याला वाट न देणाऱ्याचा दंड ६,००० तैवान डॉलरपर्यंत नेला होता. ठीक आहे. पण पळायचं कोणी? गाडीवाल्याने थांबावं म्हणून कायदा आणि मी पळावं म्हणून कार्टून! गाडीवाल्यांसाठीही बसवा ना एखादा हिरवा माणूस, ब्रेकवर पाय ठेवून बसलेला. सेकंद संपत आले की आम्हीच का पळता भुई थोडी करायची? बरं, ह्याच्या हातात पिशवी नाही, पायाला गुडघा नाही, घरी कुणी वाट बघत नाही. लाल माणूस त्यापेक्षा बरा. हात सोडून शांत उभा असतो. त्याच्याशी माझं जमतं.

फुटपाथवर आल्यावर आमांनी माझी शिकवणी घेतली. सिग्नलकडे बोट दाखवलं. आधी सावकाश चालून दाखवलं, मग जागच्या जागी पळून दाखवलं, टोपी सावरत. मग माझ्याकडे बोट, आणि माझी नक्कल : तोंड उघडं, खांदा पडलेला, पाय फरफटत. बसथांब्यावरची दोन पोरं फिदीफिदी हसली. नक्कल हुबेहूब होती, हेच जास्त लागलं.

मग वय विचारलं. मी "स्स शी स्स" म्हणणार होतो, चव्वेचाळीस. चिनीत 'चार' आणि 'मरण' ह्यांत फक्त सुराचा फरक, आणि माझा सूर त्या पिशवीच्या ओझ्याने घसरला. आमांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या, "बा शी यी." एक्क्याऐंशी.

मी आभार मानले. काय करणार? त्यांनी मान डोलावली आणि इथे निरोप देताना म्हणतात ते म्हणाल्या, "मान झोऊ." शब्दशः अर्थ, सावकाश जा.

आणि गाडी उचलून पुढच्या क्रॉसिंगला लागल्या. तिथे वरच्या चौकटीत सहा सेकंद उरले होते आणि खालचा जीव खाऊन पळत होता. आमाही.