लख्ख बोर्ड आणि वाचता येणारा बोर्ड

नवा व्यवसाय थाटणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: सगळ्यांत जास्त उजेडाचा एलईडी बोर्ड घ्या, जितका लख्ख तितका लांबून वाचता येतो. एलईडी 50,000 तास चालतो, एकदा लावा आणि विसरा. धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी65 हे मानांकन लिहिलं असेल तर पावसाची काळजी नको. आणि मागून उजेड येणारी अक्षरं कुठल्याही भिंतीवर शोभतात. चारही वाक्यांत थोडंथोडं तथ्य आहे, म्हणून ती पटकन पटतात.

पहिलं वाक्य सगळ्यांत महागात पडतं. बोर्ड दिसणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. अंधारात काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं प्रमाणाबाहेर उजळली की उजेड कडांबाहेर सांडतो, अक्षरं जाड दिसतात आणि मधल्या मोकळ्या जागा बुजतात. देवनागरीला याचा फटका जास्त बसतो. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात शिरोरेषेतल्या फटीचा तर फरक. ती भरून गेली की नावच बदलतं! अनुस्वारही शेजारच्या मात्रेत विरघळतो.

लांबून वाचता यायला आधी लागते ती उंची. धंद्यातला जुना ठोकताळा आहे की दर 3 मीटर अंतरामागे अक्षर साधारण 25 मिलिमीटर उंच हवं, म्हणजे 30 मीटरवरून आरामात वाचायला 250 मिलिमीटर. हा हिशोब रोमन कॅपिटल अक्षरांचा. आपल्याकडे मात्रा, वेलांट्या, उकार त्यात धरू नयेत. शिरोरेषेखालचं मुख्य अंगच मोजावं. दुसरी गोष्ट रंगाची. गडद निळा उजेड डोळ्याच्या पडद्याच्या थोडा अलीकडेच केंद्रित होतो, त्यामुळे निळी अक्षरं रात्री लांबून धूसर भासतात, मग त्यांचा उजेड कितीही वाढवा. उजेड वाढवण्यापेक्षा तो कमी करता येणारा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं उपकरण, मागा. संध्याकाळी ठीक वाटणारा उजेड आजूबाजूचे दिवे विझल्यावर डोळ्यांत खुपतो.

आता 50,000 तास. रोज 12 तास धरले तर अकरा वर्षांहून जास्त होतात, ऐकायला छान. पण हा आकडा बहुधा उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर उतरेपर्यंतचा असतो, तोही ठरावीक तापमानाला. दिवसभर उन्हात तापलेल्या बंद डब्यात ते तापमान कुठून आणणार? शिवाय तो आकडा एलईडीचा आहे, त्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरचा नाही, आणि आधी जातो तो बहुतेक वेळा ड्रायव्हरच. त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागाचं आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं. म्हणून ड्रायव्हर अक्षराच्या पोटात न कोंबता हात पोहोचेल अशा हवेशीर जागी हवा, आणि त्याच्यावर क्षमतेच्या साधारण 80 टक्क्यांपेक्षा जास्त भार नको. त्याच लॉटमधली चार-सहा मॉड्यूलं, म्हणजे एलईडी बसवलेले छोटे तुकडे, सुटी मागून ठेवा. पुढे बदललेलं मॉड्यूल वेगळ्या छटेचं निघालं की ‘सगळं नाव पिवळट, एक अक्षर निळसर’ असा अवतार होतो, आणि तो विझलेल्या अक्षरापेक्षाही वाईट दिसतो, असं माझं मत.

आयपी65चं थोडक्यात: 6 म्हणजे धूळ आत शिरत नाही, 5 म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला दाद देत नाही. पण हे मानांकन कशाचं, ते विचारा. बऱ्याचदा ते नुसत्या मॉड्यूलचं असतं. वायरींचे जोड आणि डबा त्यात येत नाहीत. गार-गरम होण्यानेही आत दव साचतं, म्हणून अक्षराच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोकं ठेवतात. उत्साही कारागीर नेमकी तीच सिलिकॉनने बुजवून टाकतो.

राहिली मागून उजळणारी अक्षरं. यात प्रकाश दाखवते ती भिंत, अक्षर नव्हे. फिकट, चमक नसलेल्या भिंतीवर सुंदर वलय पडतं. काळपट भिंत उजेड गिळते, आणि पॉलिश केलेल्या दगडावर किंवा काचेवर वलयाऐवजी एलईडीचे ठिपके आरशासारखे दिसतात. अशी भिंत असेल तर अक्षरांमागे फिकट मॅट पॅनल लावा, नाहीतर सरळ समोरून उजळणारी अक्षरं घ्या.