पालीचा फोटो टाका, पत्ता नको

गोनियुरोसॉरस लुई हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसेल. दक्षिण चीनच्या ग्वांग्शी प्रांतातली आणि सीमेपलीकडे व्हिएतनाममधल्या काओ बांगची ही पाल. गडद तपकिरी अंग, त्यावर फिकट पट्टे, लालसर डोळे. आपल्या घरातल्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते. हिला मात्र हलणाऱ्या पापण्या आहेत. बोटांना चिकटपट्ट्या नाहीत, नुसती नखं आहेत. त्या नखांनी ती रात्री खरबरीत कातळावर चढते.

१९९९ साली तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. प्रथेप्रमाणे त्यात मूळ ठिकाणही, म्हणजे वर्णनासाठीची पाल जिथे सापडली ती जागाही आली. लगेच परदेशी हौशी बाजारात एकेका पालीला १५०० ते २००० डॉलर मिळू लागले. २००६ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात संशोधकांनी लिहिलं, तोवर त्या मूळ ठिकाणी ती नामशेष झाली होती. सात वर्षांत!

इतक्या लवकर का? याचं उत्तर ती राहते त्या चुनखडीच्या डोंगरातच आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवतं. लाखो वर्षांत डोंगर भेगांनी, कपारींनी, गुहांनी पोखरून निघतो. त्या भेगांत ओल टिकते आणि गारवाही टिकतो, म्हणून पाल दिवसभर आत राहते. दोन डोंगरांच्या मध्ये भातशेती असेल तर ती ओलांडून जाणं तिला जवळपास अशक्य. म्हणजे प्रत्येक डोंगर तिच्यासाठी एक बेट. एका डोंगरावरच्या पाली पकडून नेल्या की शेजारच्या डोंगरावरून नव्या येत नाहीत. मादी एका खेपेला साधारण दोनच अंडी घालते. आणि पकडणाऱ्याला लागतं काय? पायवाट माहीत हवी, हातात बॅटरी हवी, बस्स. ती उघड्या कातळावर निश्चल बसलेली असते.

पकडून नेलेल्यांचे हालच होतात. बाजारात सर्रास मिळणारी लेपर्ड गेको ही पाळीव पाल कोरड्या प्रदेशातली. तिच्यासारखीच हिलाही लोक तापत्या मॅटवर ठेवतात. ही गार, दमट जंगलातली. तिच्या अंगातलं पाणी कमी होतं, कात नीट सुटत नाही, सुकलेल्या कातेची कडी बोटाभोवती आवळून बसते आणि बोट झडतं.

म्हणूनच २०१५ साली ग्वांग्शीमधूनच याच कुळातल्या दोन नव्या जातींचं वर्णन झालं तेव्हा संशोधकांनी नेमकं ठिकाण छापलंच नाही. काहींना हे शास्त्राच्या शिस्तीत बसत नाही असं वाटतं. मला तो निर्णय पूर्ण बरोबर वाटतो. ज्याला खरंच अभ्यास करायचा आहे तो विचारून माहिती मिळवू शकतो. छापलेलं मात्र परत घेता येत नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. मलेशियाच्या पेराक राज्यात गुनुंग कांथान या डोंगरावरून २०१४ साली सिर्टोडॅक्टिलस गुआकांथानेन्सिस या पालीचं वर्णन झालं. तोच डोंगर सिमेंटसाठी खणला जातोय. अशा वेळी डोंगराचं नाव गप्प ठेवून कसं चालेल? ते ओरडून सांगायलाच हवं. फक्त कपार सांगू नये.

२०१९ साली चीन-व्हिएतनाममधल्या गोनियुरोसॉरस जाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आल्या. त्याने व्यापार बंद झालेला नाही, निर्यातीला परवाना लागतो इतकंच. आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या परिशिष्टांतले असे जिवंत प्राणी बाळगायचे तर नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा कुणी 'कागदपत्रं नंतर देतो' म्हणालं, तर तिथूनच परत फिरा.

हे सगळं इथे लिहायचं कारण आपला सह्याद्री. निमास्पिस गिरी या पालीचं वर्णन कासच्या पठारावरून २०१४ साली झालं. अशा छोट्याशा टापूतल्या पाली आपल्याकडे अनेक आहेत आणि ट्रेकचे फोटो तर रोज पडतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना स्थान 'ऑब्स्क्युअर्ड' ठेवा, म्हणजे बिंदू साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेही दिसतो. जात फारच दुर्मीळ असेल तर 'प्रायव्हेट' करा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन बंद करा. व्हॉट्सॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर आतले जीपीएसचे आकडे तसेच जातात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि सगळ्यात जास्त चूक होते ती पार्श्वभूमीत. मागे बुरूज, देऊळ किंवा ओळखीचा सुळका दिसत असेल तर आकडे लपवून उपयोग नाही, फोटो कापा. खाली कुणी 'नेमकं कुठे?' विचारलं तर जिल्हा सांगा, त्यापुढे नाही.